शेवटच्या चारीपर्यंत

नाशिकमध्ये साठी ओलांडलेली चार माणसे गप्पांना बसली की विषय कोणताही असो, तो फिरून एका तक्रारीवर येतो : पूर्वीसारखा शेजार आता राहिला नाही. पंचवटीत, तिवंधा चौकात, रविवार कारंज्यालगतच्या गल्ल्यांत ज्यांचे बालपण गेले आणि ज्यांची उतारवयातली वर्षे इंदिरानगर, गंगापूर रोड किंवा पाथर्डी फाट्याकडच्या इमारतींत चालली आहेत, त्यांना ही तक्रार करण्याचा हक्क आहे, कारण त्यांनी दोन्ही पाहिले आहे. मीही त्यांच्यातलीच. परंतु या तक्रारीमागे एक समजूत असते आणि ती मला पटत नाही. माणसांत आधी जिव्हाळा असतो, त्या जिव्हाळ्यापोटी ती एकमेकांच्या उपयोगी पडतात, आणि जिव्हाळा आटला म्हणून मदतही आटली, अशी ती समजूत. माझ्या जिल्ह्यात मला जे दिसले ते याच्या उलट आहे. आधी एखादे काम सगळ्यांचे मिळून असावे लागते, त्याची पाळी ठरलेली असावी लागते, हिशेब उघडा असावा लागतो, आणि ती पाळी वर्षानुवर्षे सांभाळता सांभाळता माणसे एकमेकांची होत जातात.

ज्या वाड्यात मी वाढले त्याचेच पाहा. सात बिऱ्हाडे, एक चौक आणि चौकाच्या कोपऱ्यात एक नळ. पाणी पहाटे येई आणि दिवस वर येण्याच्या आत जाई. त्या वेळात सात घरांचे पाणी भरून व्हायचे तर कोणी आधी, कोणी मागून, कोणी किती हंडे, हे ठरलेले असणे भाग होते. ज्यांच्या घरी बाळंतीण असेल त्यांची पाळी पहिली. ज्यांच्या घरातले माणूस नाशिकरोडच्या प्रेसमध्ये पहिल्या पाळीला जायचे, त्यांची दुसरी. चौक झाडण्याचे वार वाटून दिलेले होते. नळावर भांडणे होत, आणि चांगली कडाक्याची होत; पण भांडलेल्या दोघी बायकांना दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच नळावर, त्याच क्रमाने उभे राहावे लागे. अबोला फार दिवस टिकवणे त्या व्यवस्थेत परवडणारे नव्हते. उन्हाळ्यात कुरडयांचा चीक घाटायला सगळ्या एकत्र बसत त्याची आठवण आज सगळे काढतात; नळावरच्या क्रमाची काढत नाहीत. मला मात्र वाटते की कुरडयांच्या दिवशीचा तो मोकळेपणा नळावरच्या रोजच्या शिस्तीतून आलेला होता.

त्या शेजाराची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाही तर हे नुसते स्मरणरंजन होईल. वाड्यातली खोली कोणाला मिळायची, हे भाडे किती देतो यावर ठरण्याआधी आडनावावर ठरत असे. ज्या बाई संडास साफ करायला येत त्यांच्यासाठी मागच्या बोळातून वेगळी वाट होती, आणि त्यांनी पाणी मागितले तर ते वरून ओंजळीत ओतले जाई. त्या नळाच्या पाळीत त्यांचा क्रमांक शेवटचाही नव्हता. त्यांना पाळीच नव्हती. आमच्या वाड्यापासून पायी जाण्याच्या अंतरावर काळाराम मंदिर आहे. तिथे २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाडांनी तो नेटाने चालवला, आणि पुढे काही वर्षे चालूनही मंदिराचे दार त्या सत्याग्रहाने उघडले नाही. दाराच्या आतले लोक एकमेकांच्या अडीअडचणीला धावत नव्हते असे नाही. ते धावत होते, मनापासून धावत होते. पण धावण्याची हद्द आखलेली होती. म्हणून कोणी मला जुन्या शेजाराबद्दल भरभरून सांगू लागले की मी त्या शेजाराची हद्द कुठे संपत होती ते विचारते.

ही हद्द नव्या जमान्यात आपोआप पुसली गेली असेही नाही. देशातली पहिली सहकारी गृहनिर्माण संस्था म्हणून जिचा उल्लेख होतो, ती मुंबईच्या गावदेवीतली १९१५ सालची संस्था एका ज्ञातीने आपल्या ज्ञातिबांधवांसाठी काढली होती. सहकाराचे तत्त्व खुल्या सभासदत्वाचे असले तरी २००५ साली गुजरातेतल्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, सभासदत्व एका समाजापुरते ठेवणारा उपविधी, म्हणजे संस्थेचा स्वतःचा नियम, बेकायदा ठरत नाही, असा निर्णय दिला. कायद्याची बाजू कायदेपंडितांनी पाहावी. मला एवढेच दिसते, की आपल्यासारख्यांनी आपल्यासारख्यांना मदत करणे हे सहकाराचे सगळ्यात सोपे रूप आहे, आणि बहुतेक ठिकाणी सहकार तिथेच थांबतो.

तो कुठे थांबला नाही, याचे उदाहरण मला माझ्या आजोळी मिळाले. आजोळ बागलाणातले, मोसम खोऱ्यातले. मोसम आणि आरम या आमच्या जिल्ह्यातल्या नद्या आणि धुळ्याकडची पांझरा, यांच्या काठाने तीन-चारशे वर्षांपासून फड पद्धतीची शेती होत आली. नदीत दगडी बंधारा घालायचा, त्यातून कालवा काढायचा, कालव्यातून चाऱ्या, चाऱ्यांतून शेताशेतात जाणारे पाट, आणि जास्तीचे पाणी पुन्हा नदीला देणारे सांडवे. बंधाऱ्याखालची सगळी जमीन तीन-चार फडांत विभागलेली असे. एका फडात त्या वर्षी एकच पीक घ्यायचे, मग तिथे जमीन कोणाचीही असो. आणि पुढच्या वर्षी पिके फडाफडांतून फिरवायची. कोणत्या फडात काय पेरायचे हे गावातले पंच ठरवत. सरकार नव्हते, नोंदणी नव्हती, लेखी नियमही नव्हते.

या व्यवस्थेतला माणूस म्हणजे पाटकरी. मी लहान असताना आमच्या फडाचा पाटकरी जवळून पाहिला आहे. पोटऱ्यांपर्यंत चिखलात उभा, खांद्यावर फावडे, कानाच्या पाळीवर अर्धी विझलेली विडी. एका वाफ्यात पाणी पुरेसे झाले की तो चिखलाचा एक गोळा आणि मूठभर गवत घेऊन पाटाचे तोंड बुजवी, टाचेने दाबी, आणि फावड्याच्या एका फटक्याने पुढच्या वाफ्याचे तोंड उघडी. पाणी क्षणभर थबके आणि मग वळे. शेताचा मालक बांधावर बसलेला असला तरी त्याने पाण्याला हात लावायचा नाही, हा दंडक होता. कितीही तालेवार शेतकरी असो, बारे, म्हणजे पिकाला पाणी, द्यायचे ते पाटकऱ्यानेच. त्याचा मोबदला खळ्यावर धान्याच्या रूपाने सगळ्यांकडून मिळे. पाटकऱ्यांवर देखरेख करायला हवालदार, पिकांची राखण करायला जागले. माझ्या मामाला मी एकदा विचारले, की आपल्या शेतात आपण पाणी का घ्यायचे नाही? त्याने सांगितले, "पाणी पाटकऱ्याच्या हाती असलं म्हणजे भांडण पाटकऱ्याशी होतं, भावाशी होत नाही." सार्वजनिक व्यवस्थेबद्दल मी पुढे पुष्कळ वाचले, पण या उत्तराच्या पुढे फारसे काही मला कोणी सांगितलेले नाही.

पावसाळ्याआधी कालव्याचा गाळ काढायला घरटी एक माणूस यावा लागे. ज्याच्या घरात करता पुरुष नसेल त्याची सोय गाव करी. पण खरी परीक्षा दुष्काळात होई. पाणी कमी पडणार हे दिसले की पंच एकत्र बसत आणि त्या वर्षी अमुक फड भिजणार नाही, असे ठरवत. बहुतेकांची जमीन एकाहून अधिक फडांत विखुरलेली असल्यामुळे कोणताही फड सोडला तरी तोटा थोडा थोडा सगळ्यांच्या वाट्याला येई. बंधाऱ्याजवळच्याने पोटभर घ्यायचे आणि शेवटच्या चारीवरच्याने आभाळाकडे बघत बसायचे, असे होत नसे. मला यात कोणाच्या मनाचा मोठेपणा फारसा दिसत नाही. मांडणीचे शहाणपण दिसते. ज्यांनी ही आखणी केली त्यांनी माणूस स्वार्थी असतो हे धरूनच चालले होते आणि त्याचा स्वार्थ शेजाऱ्याच्या स्वार्थात अडकवून ठेवला होता.

असेच शहाणपण मला एका फार दूरच्या देशाबद्दल वाचताना सापडले. दक्षिण अमेरिकेतल्या उरुग्वेत १९६८ साली गृहनिर्माणाचा जो कायदा झाला, त्याखाली परस्पर साहाय्याच्या सहकारी गृहसंस्था उभ्या राहिल्या. कामगारांची कुटुंबे एकत्र येतात, सरकारकडून कर्ज घेतात आणि आपली घरे आपल्या हाताने बांधतात. प्रत्येक कुटुंबाने आठवड्याला सुमारे २१ तास बांधकामावर राबायचे असते. पुष्कळ संस्थांत कोणते घर कोणाचे, हे बांधकाम संपल्यावर चिठ्ठ्या टाकून ठरते. त्यामुळे भिंत रचताना ती आपली की शेजाऱ्याची हे कोणालाच ठाऊक नसते, आणि प्रत्येक भिंत आपलीच असल्यासारखी रचली जाते. मोसम खोऱ्यातल्या विखुरलेल्या जमिनी आणि ती चिठ्ठी, दोन्ही एकाच विचारातून आलेल्या आहेत असे मला वाटते.

मोसम नदीवर हरणबारी धरण झाले, विहिरींवर मोटारी आल्या, ज्याला त्याला आपले पाणी आपल्या बटणावर मिळू लागले, आणि फड मागे पडत गेले. मामाच्या मुलांच्या शेतात आज ठिबक आहे, आणि त्यांना कोणाची वाट पाहावी लागत नाही हे चांगलेच आहे. पण भूजल खाली गेले की कोणाची बोअर आधी आटणार याची चिंता ज्याची त्याने एकट्याने करायची असते, हेही त्यांना आता कळले आहे.

फड पद्धत मागे पडली म्हणून तो विचार जिल्ह्यातून गेला असे मात्र झाले नाही. दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड धरणाच्या कालव्याचे शेवटचे टोक ओझरकडे येते. कागदोपत्री ती जमीन लाभक्षेत्रात होती, पण वरच्या गावांतून पाणी ओझरपर्यंत पोहोचतच नव्हते. समाज परिवर्तन केंद्राचे बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी तिथल्या शेतकऱ्यांना एकत्र केले आणि १९९०च्या सुमारास महात्मा फुले, जय योगेश्वर आणि बाणगंगा अशा तीन पाणीवापर संस्था कालव्याच्या टोकाशी उभ्या राहिल्या. पाटबंधारे खात्याकडून संस्थेने पाणी मोजून घ्यायचे, मोजलेल्या पाण्याचे पैसे भरायचे, आणि आतले वाटप शेतकऱ्यांनी आपसांत करायचे. टेलच्या, म्हणजे शेवटच्या टोकाच्या, लोकांना पाणी मिळते हे दिसल्यावर वरची गावेही संस्था करू लागली, आणि २००३ साली सगळ्या प्रकल्पाची मिळून एक संस्था झाली. धरणाचे पाणी चोवीस संस्थांमार्फत शेतकरी स्वतः वाटू लागले. वरच्यांनी खालच्यांसाठी काही सोडले, अशी ही गोष्ट नाही. खालच्यांनी आधी संघटित होऊन आपला हिस्सा मोजून मागितला. मला हा क्रम फार महत्त्वाचा वाटतो. ज्यांना काही पोहोचत नाही त्यांच्यापासून सुरुवात झाली म्हणून ती सर्वांपर्यंत गेली.

पुढे महाराष्ट्रात सिंचनाचे व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे देणारा २००५चा कायदा आला. त्यातली एक तरतूद मी माझ्या परिचयातल्या प्रत्येक सोसायटीच्या चेअरमनला सांगत असते. पाणीवापर संस्थेच्या संचालक मंडळात कालव्याच्या वरच्या, मधल्या आणि शेवटच्या भागातल्या शेतकऱ्यांना सारखे प्रतिनिधित्व आहे, आणि अध्यक्षपद या तीन भागांत आळीपाळीने फिरते. शेवटच्या चारीवरचा माणूस केव्हा ना केव्हा खुर्चीवर बसतोच. आपल्याकडे किती संस्थांमध्ये असे होते?

शेतीतल्या मदतीच्या दोन जुन्या रीतींचाही इथे उल्लेख करायला हवा, कारण त्यांच्यातला फरक बोधप्रद आहे. सावडीत हिशेब चोख असतो : तू माझ्याकडे बैलजोडी घेऊन दोन दिवस आलास, मी तुझ्याकडे दोन दिवस येईन, आणि सावड फेडली नाही तर पुढच्या हंगामात कोणी विचारणार नाही. इर्जिकीत हिशेब नसतो. एखाद्याची नांगरट अडली, घरात आजारपण निघाले, की गावातल्या जोड्या एका दिवसासाठी त्याच्या शेतात उतरतात. त्याने फक्त जेवण घालायचे. पुष्कळांना इर्जिक थोर वाटते आणि सावड व्यवहारी. पण ज्या गावात सावडी चोख फेडल्या जातात तिथेच इर्जिकीला माणसे जमतात, असे माझा मामा म्हणत असे, आणि त्याचे कारण उघड आहे. रोजच्या देण्याघेण्यात ज्याचा शब्द खरा ठरलेला असतो त्याच्या अडचणीला हिशेब न पाहता जावेसे वाटते.

शहरात इर्जिक पाहायची असेल तर गोदावरीच्या पुरात पाहावी. २००८, २०१६, २०१९ या तिन्ही वर्षी गंगापूर धरणातून पाण्याचा विसर्ग वाढला आणि नाशिककरांनी नदीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे नजर लावली. पाणी त्याच्या गुडघ्याला लागले, कमरेला लागले, छातीला लागले, अशी बातमी गल्लीतून गल्लीत जाते, आणि सराफ बाजार, भांडी बाजार, कापड पेठेतल्या दुकानांतला माल वरच्या मजल्यांवर चढू लागतो. अशा वेळी कोण कोणाचा गठ्ठा उचलतो याचा कोणी विचार करत नाही. ज्यांच्या घरात पाणी शिरले त्यांच्यासाठी मंगल कार्यालये उघडतात, खिचडीच्या कढया चढतात. हे सगळे खरे आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. मात्र पाणी उतरल्यावर चिखल काढण्याचे काम आठ-दहा दिवस चालते आणि त्या वेळी हात कमी होत जातात. पंचनामे, नुकसानभरपाईचे अर्ज, भिजलेल्या कागदपत्रांची धावपळ यात तर माणूस जवळजवळ एकटा उरतो. मोठ्या संकटात माणसे आपसूक धावतात. लांबत जाणाऱ्या, कंटाळवाण्या, कागदपत्रांच्या कामात टिकून राहण्यासाठी मागे एखादी व्यवस्था असावी लागते.

आता माझ्या सोसायटीबद्दल. आम्ही उरुग्वेतल्या कुटुंबांसारखे एकत्र येऊन घरे बांधलेली नाहीत. ज्याने त्याने आपापले कर्ज काढून तयार फ्लॅट घेतला, आणि जिन्यात भेट झाल्यावर एकमेकांची आडनावे कळली. कायद्याने सोसायटी करावी लागते म्हणून ती झाली. पहिली काही वर्षे सभा म्हणजे बिल्डरने काय काय द्यायचे राहिले याची उजळणी असे. माझ्याकडे खजिनदारीचे काम आले, आणि तेव्हापासून माझे असे ठाम मत झाले आहे की महाराष्ट्रातल्या शहरी माणसाला परस्पर साहाय्याचे शिक्षण देणारी सर्वात मोठी शाळा म्हणजे मेंटेनन्सचे बिल आहे. आदर्श उपविधींप्रमाणे सेवाशुल्क प्रत्येक फ्लॅटला सारखे; पाणीपट्टी नळांच्या संख्येवर; दुरुस्ती निधीला बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाऊण टक्का आणि सिंकिंग फंडाला पाव टक्का. सिंकिंग फंड म्हणजे ज्या दुरुस्तीच्या वेळी कदाचित आपण त्या घरात राहतही नसू, तिच्यासाठी आजच बाजूला काढलेला पैसा. आपल्यामागून येणाऱ्या अनोळखी माणसासाठी दर महिन्याला थोडे भरणे, ही किती सुंदर कल्पना आहे, आणि आपण ती बिलातल्या एका ओळीत न वाचता सोडून देतो.

लिफ्टच्या खर्चावरून आमच्याकडे मोठा वाद झाला. उपविधी सांगतात की लिफ्टच्या देखभालीचा आणि चालवण्याचा खर्च सर्व सभासदांनी सारखा द्यायचा. तळमजल्यावरचे एक गृहस्थ सभेत उभे राहिले आणि म्हणाले की मी आयुष्यात त्या लिफ्टमध्ये पाऊल ठेवलेले नाही, मग मी पैसे का भरायचे? प्रश्न वाजवी होता आणि नुसता नियम वाचून दाखवून त्याचे समाधान होणार नव्हते. त्यावर सर्वात वरच्या मजल्यावरच्या एका बाईंनी सांगितले, की गच्ची गळते ती फक्त माझ्या छतावर गळते, पण तिची डागडुजी तुमच्या पैशातून झाली; आणि गेल्या पावसाळ्यात ड्रेनेजचे चेंबर तुंबले तेव्हा घाण फक्त तुमच्या मोरीत आली, पण चेंबर माझ्या पैशातून साफ झाले. सभा थोडा वेळ शांत झाली. त्या गृहस्थांनी त्याच महिन्यापासून बिल भरायला सुरुवात केली, आणि पुढे गच्चीच्या वॉटरप्रूफिंगच्या कामावर उन्हात उभे राहून देखरेख केली ती त्यांनीच.

एका उन्हाळ्यात आमची बोअर आटली आणि पालिकेचे पाणी कमी दाबाने येऊ लागले. टँकर मागवायचा, तो कोणत्या वेळी येईल त्या वेळी खाली उभे राहायचे, टाकीत पाणी चढेपर्यंत थांबायचे, यासाठी फ्लॅटनिहाय पाळ्या लावल्या. एका वहीत नाव, वार, वेळ, सही. सुरुवातीला कुरकुर झाली. पण दर आठवड्याला तासभर पार्किंगमध्ये एकत्र उभे राहावे लागल्यामुळे आजवर केवळ मान हलवणारी माणसे बोलू लागली. कोणाचा मुलगा परदेशी आहे, कोणाला रात्री गाडी चालवता येत नाही, कोणाच्या सासूबाईंना साखरेचा त्रास आहे, हे त्या तासात कळत गेले.

२०२१च्या एप्रिलमध्ये करोनाची दुसरी लाट नाशिकवर आली तेव्हा ती वही उपयोगी पडली. एकामागून एक फ्लॅटची दारे बंद होऊ लागली, आणि आत माणसे तापाने फणफणलेली. कोणी डबे द्यायचे, कोणी औषधे आणायची, ऑक्सिजनची पातळी कोणी फोनवरून विचारत राहायचे, याची आखणी करायला आम्हाला एक संध्याकाळ पुरली, कारण टँकरच्या पाळ्यांची यादी तयारच होती. तिच्यात "टँकर" खोडून "डबा" लिहिले एवढेच. दुसऱ्या मजल्यावर अंबडच्या एका कारखान्यात काम करणारे दोन तरुण भाड्याने राहत होते. एक परभणीकडचा, एक बिहारचा. दोघे एकदम आजारी पडले. त्यांचे नाव यादीत नव्हते, कारण यादी सभासदांची होती आणि ते भाडेकरू होते. शेजारच्या आजींनी पहिल्या दिवशी कोणाला न विचारता त्यांच्या दाराच्या कडीला वरणभाताचा डबा अडकवला, आणि रात्री मला फोन करून सांगितले, "त्या पोरांचं नाव वहीत घाला. मी किती दिवस पुरणार?" त्या फोनने मला बरेच काही शिकवले. पहिला डबा दयेने पोहोचतो. पण दहावा डबा पोहोचायचा तर नाव वहीत असावे लागते. बरे झाल्यावर त्यांच्यातल्या एकाने औषधांच्या दुकानात जाण्याची रोजची पाळी स्वतःकडे घेतली, ती लाट ओसरेपर्यंत सोडली नाही.

तेव्हापासून मी आमच्या इमारतीकडे कालव्यासारखी पाहते आणि हिची शेवटची चारी कोणती ते शोधते. भाडेकरूला सभेत मत नाही, हे कायद्याला धरून आहे. पण त्याच्या मोरीत पाणी कमी येते हे सांगायलाही त्याला जागा नाही. चार चार घरी भांडी घासणाऱ्या बायका आमच्या स्वयंपाकघरात रोज येतात, आणि त्यांना सोसायटीत पाच मिनिटे बसायला बाक नाही. रात्रीचा वॉचमन बारा तास गेटवर असतो. ज्या टाकीचा पंप तो रोज वेळेवर चालू-बंद करतो, त्या टाकीच्या पाण्याचा नळ त्याच्या खोलीला नाही. तो पार्किंगमधल्या गाड्या धुण्याच्या नळावरून बादली भरून नेतो, आणि शौचालयासाठी शेजारच्या बांधकामाच्या जागेवर जातो. आम्ही सगळे भले लोक आहोत. दिवाळीला त्याला पाकीट देतो, मिठाई देतो, त्याच्या मुलीच्या शाळेच्या वेळी वर्गणी काढली होती. म्हणजे इर्जिक आम्ही करतो, पण सावडीत त्याला घेतलेले नाही.

येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेसाठी, जी सप्टेंबरअखेरपर्यंत घ्यावी लागते, मी दोन विषय लेखी दिले आहेत. पाणी आणि स्वच्छता पाहणाऱ्या उपसमितीच्या बैठकीला भाडेकरूंपैकी एकाला बोलावावे आणि त्याचे म्हणणे इतिवृत्तात नोंदवावे, हा पहिला. वॉचमनच्या खोलीला नळ आणि तिच्यामागे एक लहान शौचालय बांधावे, हा दुसरा. प्लंबरकडून अंदाजपत्रक घेतले आहे. सर्व फ्लॅटमध्ये खर्च सारखा वाटला तर प्रत्येकाच्या वाट्याला एका महिन्याच्या मेंटेनन्सहून कमीच रक्कम येते. सेक्रेटरींनी नळासाठी पार्किंगच्या मागच्या भिंतीची जागा सुचवली होती, कारण तिथून पाइप जवळ पडतो. काल मी वॉचमनला विचारले. त्याला ती जागा चालणार नाही. रात्री गेट सोडून तेवढ्या लांब जाता येत नाही, नळ खोलीला लागूनच हवा, आणि पाइप चार मीटर जास्त लागला तरी चालेल का, असे त्याने मला उलट विचारले. अंदाजपत्रकात ते चार मीटर मी घालून दिले आहेत.